आसन, प्राणायाम आणि ध्यान : हॉस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवात कोठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकता आणि हॉस्टेलच्या खोलीत आणखी दोघांबरोबर राहता. दिवसाचा मोठा भाग खुर्चीत आणि लॅपटॉपसमोर जातो, कंबर दुखते, रात्री झोप लवकर लागत नाही आणि परीक्षा किंवा व्हायवा (तोंडी परीक्षा) जवळ आली की छातीत धडधडू लागते. यावर उपाय म्हणून तुम्ही व्हिडिओ पाहून पहाटे पाच वाजता कपालभाती, त्यानंतर बारा सूर्यनमस्कार आणि शेवटी वीस मिनिटे ध्यान असा क्रम सुरू केला. परंतु कपालभाती करताना चक्कर येते, सूर्यनमस्कारांनंतर कंबर अधिक दुखते आणि ध्यानाला बसले की विचार कमी होण्याऐवजी वाढतात. क्लासची फी सध्या परवडणारी नाही, म्हणून स्वतःच्या खोलीत काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या योगवर्गात महाविद्यालयीन विद्यार्थी दरवर्षी येतात आणि त्यांतील अनेक जण जवळजवळ याच तक्रारी घेऊन येतात. तुम्ही त्या तीन वेगळ्या अडचणी म्हणून मांडल्या असल्या, तरी माझ्या मते त्यांचे मूळ एकच आहे. तुम्ही तिन्ही ठिकाणी जोर लावत आहात: श्वास जोराने फेकत आहात, शरीर जोराने वाकवत आहात आणि विचारही जोराने थांबवू पाहत आहात. मेहनत केली की फळ मिळते या सवयीने तुम्ही इथवर शिकत आला आहात आणि ती सवय चांगलीच आहे. परंतु नवशिक्या साधकाला प्रथम शिकायचे असते ते आवश्यक तेवढाच प्रयत्न ठेवून बाकीचा सोडून देणे. त्याचे मोजमाप करण्याचे साधन तुमच्याजवळ सतत असते, ते म्हणजे तुमचा श्वास. जी कृती करताना नाकाने शांतपणे श्वास घेता येत नाही, ती कृती त्या दिवशी तुमच्या आवाक्याबाहेरची आहे, असे समजून मागे यावे. पुढे मी जे काही सुचवणार आहे, त्या सर्वांना हा एकच नियम लागू आहे.

सर्वप्रथम कपालभाती आजपासून थांबवा. ती वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण तुमच्यासाठी ती आत्ताची गोष्ट नाही. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात कपालभाती धौती, बस्ती, नेती यांच्याबरोबर शुद्धिक्रियांमध्ये मोजली आहे. तेथे दिलेल्या प्राणायामांच्या यादीत ती नाही, आणि दूरदर्शनवरील शिबिरांमुळे तिची गणना सर्रास प्राणायामात होऊ लागली आहे. तिच्यात उच्छ्वास पोटाच्या झटक्याने बाहेर टाकायचा असतो आणि श्वास आपोआप, थोडासाच आत येऊ द्यायचा असतो. नवशिका मात्र उच्छ्वासाइतक्याच जोराने श्वासही आत ओढतो. त्यामुळे शरीराच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक हवा फुप्फुसांतून आतबाहेर होते आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते. हा वायू केवळ टाकाऊ आहे असा समज असतो, पण मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या किती रुंद राहाव्यात हे बऱ्याच अंशी त्याच्या प्रमाणावर ठरते. तो कमी झाला की त्या आकुंचन पावतात, डोके हलके होते, चक्कर येते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. काही जण याला शक्ती जागृत झाल्याचे लक्षण मानतात आणि आणखी वेग वाढवतात. कृपया तसे करू नका.

तुमच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. मनुष्य घाबरतो तेव्हा त्याचा श्वास जलद आणि छातीच्या वरच्या भागात चालू लागतो. ज्याला परीक्षेच्या विचाराने धडधडते, त्याने रोज पहाटे मुद्दाम जलद श्वसन करणे म्हणजे शरीराला नेमकी तीच घाबरलेली अवस्था पुन्हा पुन्हा दाखवणे होय. तुम्हाला उलट दिशेने जायचे आहे. हठप्रदीपिकेतच म्हटले आहे की सिंह, हत्ती किंवा वाघ जसा हळूहळू वश होतो तसाच वायूही हळूहळू वश करावा, अन्यथा तो साधकाचा घात करतो. मी हा इशारा शब्दशः गांभीर्याने घेते आणि माझ्या वर्गातही नव्या विद्यार्थ्याला पहिले काही महिने कपालभाती, भस्त्रिका (भात्यासारखे जलद, जोराचे श्वसन) आणि कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, शिकवत नाही.

आता काय परिस्थितीवर अवलंबून आहे, ते सांगते. कंबरेचे दुखणे जर मांडीतून खाली पोटरीकडे उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि तोपर्यंत कोणतेही पुढे वाकण्याचे आसन करू नका. धडधड परीक्षेशी संबंध नसतानाही होत असेल, तर एकदा डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे, थायरॉइडचा विकार किंवा नुसते अति चहा-कॉफी घेणे यांमुळेही असे होऊ शकते आणि त्यावर आसने हा उपाय नव्हे. दमा, अपस्मार (फिट येणे), हर्निया, अलीकडे झालेली पोटाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असल्यास खाली दिलेला क्रमही प्रत्यक्ष शिक्षकाला विचारल्याशिवाय सुरू करू नये. यांपैकी काहीच नसेल, आणि तुमच्या वयात बहुतेकांना नसते, तर पुढचे सर्व तुम्हाला निर्धास्तपणे करता येईल.

वेळेबद्दल माझे मत कदाचित तुम्हाला अनपेक्षित वाटेल, पण पहाटे पाचचा आग्रह सोडून द्या. तुम्ही लिहिले आहे की झोपायला दीड-दोन वाजतात. अशा वेळी पाचला उठून केलेला योगाभ्यास झोपेतून तीन-चार तास काढून घेतो, आणि तुमच्या वयात इतक्या कमी झोपेने होणारे नुकसान कोणतेही आसन भरून काढू शकत नाही. कॉलेज संपल्यावर, संध्याकाळी सहा ते सातच्या दरम्यान, मेसच्या जेवणाआधीचा वेळ माझ्या अनुभवात हॉस्टेलच्या मुलांना सर्वांत चांगला पडतो. दुपारचे जेवण होऊन चार तास झालेले असतात, शरीर सकाळइतके ताठर नसते आणि दिवसभराच्या बसण्याचा ताण त्याच वेळी उतरवता येतो. मात्र पाचच्या सुमारास वडापाव किंवा सामोसा खाल्ला असेल, तर त्यानंतर किमान दीड तास जाऊ द्यावा. पुढे झोपेची वेळ सुधारली की सकाळी करायला माझी काहीच हरकत नाही.

आसनांकडे मी अधिक सविस्तर वळते, कारण तुमच्या तिन्ही तक्रारींची दुरुस्ती येथूनच सुरू होते. पतंजलींच्या योगसूत्रांत आसन स्थिर आणि सुखकारक असावे असे सांगितले आहे, त्यापुढे प्रयत्न शिथिल करण्याचा उल्लेख येतो आणि आसन साधल्यानंतरच प्राणायामाचे सूत्र येते. हा क्रम केवळ शास्त्राचा मान राखण्यासाठी पाळायचा नसून त्यामागे शरीराचा साधा हिशेब आहे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याच्या मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतात, जांघेतील स्नायूही सतत दुमडलेल्या स्थितीत राहिलेले असतात आणि पाठीचे स्नायू दुबळे होतात. असा मनुष्य जमिनीवर मांडी घालून बसला की त्याचे कटीचे हाड मागे कलते, कंबर बाहेरच्या बाजूला गोल होते, छाती दबते आणि पोट पुढे सरकायला जागाच उरत नाही. अशा बैठकीत श्वास दीर्घ होणे शक्य नसते, आणि पाच मिनिटांतच कंबरेची कळ ध्यानाचा विषय होऊन बसते. तुमचे ध्यान जमत नाही याचे अर्धे कारण मला येथे दिसते.

सूर्यनमस्कारांबद्दल आपल्याकडे मोठी आपुलकी आहे. शाळेतल्या कवायतीत आणि रथसप्तमीच्या निमित्ताने आपल्यापैकी बहुतेकांनी ते घातलेले असतात आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांच्या प्रसारासाठी जे कष्ट घेतले ते महाराष्ट्राला ठाऊक आहेत. हा व्यायाम उत्तम आहे, परंतु त्यात कंबरेतून खाली वाकण्याची क्रिया प्रत्येक फेरीत दोनदा येते. मांडीमागचे स्नायू आखडलेले असताना गुडघे ताठ ठेवून तळहात जमिनीला टेकवण्याचा अट्टहास केला, की जो वाक खुब्यातून यायला हवा तो कंबरेच्या मणक्यांतून घेतला जातो. तुमची कंबर दुखण्याचे हेच कारण असण्याची शक्यता मला मोठी वाटते. सहा आठवडे सूर्यनमस्कार बाजूला ठेवा. नंतर पुन्हा सुरू करताना वाकण्याच्या स्थितीत गुडघे मोकळेपणाने वाकवा आणि बाराऐवजी तीन-चारच, पण संथ घाला.

त्याऐवजी पुढचा क्रम करावा. दोन खाटांच्या मध्ये एक सतरंजी मावेल एवढी जागा पुरते. मॅट नसेल तर जाड सतरंजीवर चादर घालावी. खाटेवरच्या गादीवर मात्र आसने करू नयेत, कारण तेथे शरीराला भक्कम आधार मिळत नाही.

प्रथम पाठीवर झोपून गुडघे वाकवा, तळपाय जमिनीवर टेकवा आणि दोन मिनिटे काहीही न करता पडून राहा. मग एक गुडघा दोन्ही हातांनी पोटाजवळ आणा, डोके मात्र जमिनीवरच राहू द्या, पाच-सहा श्वास तेथे थांबा आणि दुसऱ्या बाजूने करा. हे पवनमुक्तासनाचे सौम्य रूप आहे. त्यानंतर तळपाय टेकलेले असतानाच श्वास घेत कंबर हळूहळू उचला आणि श्वास सोडत एकेक मणका टेकवत खाली आणा. हे सेतुबंधासन कंबरेच्या आणि नितंबांच्या दुबळ्या स्नायूंना कामाला लावते, म्हणून ते चार-पाच वेळा करावे.

यानंतर हात-पायांवर या. मनगटे खांद्यांखाली आणि गुडघे खुब्यांखाली असू द्या. श्वास सोडताना पाठ वर गोल करा आणि घेताना ती अलगद खाली सोडून नजर समोर न्या. मार्जारासन हे मी नवशिक्यांना सर्वांत आधी शिकवते, कारण हालचाल आणि श्वास यांची जोडी त्यात आपोआप लागते. येथे श्वासाला हालचालीच्या मागे धावायला लावू नका, तर श्वास जितका वेळ घेईल तितका वेळ हालचालीला द्या. आठ-दहा फेऱ्या झाल्या की पालथे झोपा, हातांची घडी करून त्यावर कपाळ टेका आणि पाय सैल सोडा. या मकरासनात मिनिटभर राहा आणि पोट जमिनीवर कसे दाबले जाते व सुटते याकडे लक्ष द्या. पुढे प्राणायामात ज्याची गरज आहे त्या श्वासपटलाची, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याची, ओळख येथे फार चांगली होते, ती सांगून होत नाही.

पालथेपणीच भुजंगासन करा. तळहात छातीच्या बाजूला ठेवा, पण त्यांवर भार देऊ नका. पाठीच्या स्नायूंनी छाती जेवढी उचलली जाईल तेवढीच उचला आणि नाभी जमिनीला टेकलेली राहू द्या. व्हिडिओत दिसते तेवढी उंची येणार नाही आणि ती येण्याची गरजही नाही. दोन-तीन श्वास थांबून खाली या, विश्रांती घ्या आणि आणखी दोनदा करा. मग एकेक पाय गुडघ्यात न वाकवता थोडासा उचलून अर्धशलभासन करा. खुर्चीत वाकून बसणाऱ्यांच्या पाठीला या दोन आसनांनी जेवढा लाभ होतो तेवढा पुढे वाकण्याच्या कोणत्याही आसनाने होत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

शेवटी उभे राहून ताडासन (हात वर ताणून सरळ उभे राहणे) आणि दोन्ही बाजूंना अर्धकटिचक्रासन (एक हात वर नेऊन कंबरेतून बाजूला झुकणे) करावे. मग भिंतीजवळ पाठीवर झोपून पाय भिंतीवर उभे टेकवून दोन-तीन मिनिटे राहावे आणि शवासनात पाच मिनिटे घालवावीत. वेळ कमी असेल तर मधले काहीही गाळा, पण शवासन गाळू नका. विद्यार्थी नेमके तेच गाळतात, कारण त्यात काही केल्यासारखे वाटत नाही. प्रयत्न सोडून देण्याचा सर्वांत सरळ अभ्यास तोच आहे, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर जे तुम्हाला जमत नाही त्याची तालीमही तेथेच होते. हा सर्व क्रम पंचवीस मिनिटांत होतो. पश्चिमोत्तानासन, हलासन, शीर्षासन आणि सर्वांगासन व्हिडिओ पाहून एकट्याने करू नका. त्यांत मानेवर आणि कंबरेवर येणारा भार चुकला तर सांगायला शेजारी कोणी नसते.

पहिले दोन आठवडे एवढेच करावे. तिसऱ्या आठवड्यापासून शवासनानंतर श्वसनाचा अभ्यास जोडावा, आणि त्याची सुरुवातही झोपूनच करावी. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, एक तळहात नाभीवर आणि दुसरा छातीवर ठेवा. श्वास घेताना पोटावरचा हात वर यावा आणि छातीवरचा जवळजवळ स्थिर राहावा. पोट ढकलून वर आणू नका. उच्छ्वास पूर्ण होऊ दिला की पुढचा श्वास आपोआप पोटापर्यंत येतो. म्हणून लक्ष श्वास घेण्यावर नको, तो सोडण्यावर ठेवा. तीन-चार दिवसांनी उच्छ्वास श्वासापेक्षा थोडा लांब करा: मनात चार अंक मोजत घ्या आणि सहा अंक मोजत सोडा. सहा मोजताना अखेरीस घुसमट होत असेल आणि पुढचा श्वास हापका मारल्यासारखा येत असेल, तर तीन आणि चार मोजा. अंक किती हे महत्त्वाचे नाही, पुढचा श्वास शांतपणे येतो की नाही हे पाहा.

यामागचे कारण समजून घेतले तर त्यावर विश्वास ठेवणे तुम्हाला सोपे जाईल. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना किंचित कमी होते. तरुण वयात हा फरक इतका स्पष्ट असतो की मनगटाची नाडी धरून संथ श्वसन केले तर तो बोटांना जाणवतो. हृदयाला मंद करणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू उच्छ्वासात अधिक सक्रिय होतो, म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीराला शांत होण्यासाठी अधिक वेळ मिळतो. एरवी विश्रांतीत आपण मिनिटाला साधारण बारा ते वीस वेळा श्वास घेतो. चार-सहाच्या या मोजणीत, अंक साधारण सेकंदाच्या गतीने मोजले, तर ती संख्या सहावर येते. तुमच्या धडधडीवर तुमच्या हातात असलेला सर्वांत सरळ उपाय हाच आहे आणि तो परीक्षागृहातही कोणाच्या नकळत करता येतो. मात्र तो परीक्षेच्या दिवशी प्रथमच करून उपयोग होत नाही. शरीराला त्याची ओळख आधीच्या संथ दिवसांतच व्हावी लागते. व्हायवासाठी बाहेर रांगेत उभे असताना खांदे खाली सोडा आणि आठ-दहा लांब उच्छ्वास करा. मुद्दाम मोठा श्वास घेऊ नका. घाबरलेल्या माणसाला आपल्याकडे दीर्घ श्वास घे असा सल्ला देतात, पण त्यातून तो आणखी हवा ओढू लागतो.

पाचव्या आठवड्यापासून बसून अनुलोम-विलोम करता येईल. डावीकडून श्वास घेऊन उजवीकडून सोडावा आणि उजवीकडून घेऊन डावीकडून सोडावा, असे एक आवर्तन होते. श्वास मध्ये रोखू नये, नाकपुडीवर बोट अलगद ठेवावे आणि आवाज येऊ नये. पाच मिनिटे पुरे आहेत. सर्दीने नाक चोंदलेले असेल त्या दिवशी हा प्राणायाम करू नका आणि झोपून करायचे श्वसनच करा. रात्री झोपण्यापूर्वी पाच-सहा वेळा भ्रामरी केल्यानेही अनेकांना लाभ होतो, कारण गुंजन करताना उच्छ्वास आपोआप लांबतो. खोलीतल्या मित्रांना त्याचा त्रास होत असेल, तर ओठ मिटून स्वतःलाच ऐकू येईल इतक्या हळू आवाजात करावी.

आता ध्यान. बसल्यावर विचार वाढतात हे तुमचे निरीक्षण मला महत्त्वाचे वाटते, पण त्याचा अर्थ तुम्ही लावला तसा नाही. विचार आधीही तेवढेच होते. दिवसभर कोणते ना कोणते काम किंवा मोबाइल समोर असल्याने ते दिसत नव्हते आणि डोळे मिटून बसल्यावर ते दिसू लागले. ध्यानात विचार थांबवायचे नसतात. लक्ष श्वासावर ठेवावे, ते निघून जाईल, गेले हे कळेल आणि मग त्याला न रागावता परत आणावे. लक्ष गेल्याचे कळणे आणि परत येणे हाच नवशिक्याचा अभ्यास आहे. पाच मिनिटांत लक्ष तीस वेळा गेले आणि तीस वेळा परत आले, तर ते ध्यान बिघडले नाही, उलट अभ्यास तीस वेळा झाला. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातही मन जेथे जेथे भरकटेल तेथून तेथून त्याला परत आणण्यास सांगितले आहे. मन मुळात भरकटणारच नाही, अशी अपेक्षा तेथेही धरलेली नाही.

वीस मिनिटांऐवजी पाच मिनिटांनी सुरुवात करा, आणि तीही आसने व श्वसन झाल्यानंतरच. घडी केलेल्या चादरीवर किंवा जाड उशीच्या कडेवर बसा, म्हणजे खुबे गुडघ्यांपेक्षा वर राहतील आणि कंबर आपोआप सरळ होईल. तरीही पाय दुखत असतील तर खुर्चीवर, पाठ न टेकवता आणि तळपाय जमिनीला टेकवून बसा. त्यात कमीपणा काहीच नाही. लक्ष नाकपुड्यांशी ठेवावे की पोटाच्या हालचालीवर, हे स्वतः पाहून ठरवावे. ज्यांना धडधडीची सवय आहे त्यांना छातीजवळ लक्ष ठेवल्यास कधी कधी अस्वस्थता वाढते, म्हणून तुम्ही पोटाची हालचाल निवडावी असे मी सुचवेन. पूर्ण मिटलेल्या डोळ्यांनी भीती किंवा गुदमरल्यासारखे वाटले, तर डोळे अर्धवट उघडे ठेवून समोरच्या जमिनीकडे पाहा, आणि तरीही ते कमी झाले नाही तर त्या दिवशी उठून थोडे चाला. मन फार खचलेले असताना जबरदस्तीने बसून राहण्याने भले होतेच असे नाही. सलग दोन-तीन आठवडे उदास वाटत असेल, कशातच रस राहिला नसेल किंवा जगण्याचाच कंटाळा येत असेल, तर अभ्यासाची वेळ वाढवत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, तो चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. योगाभ्यास उपचारांबरोबर चालू ठेवता येतो, पण तो उपचारांची जागा घेऊ शकत नाही.

काही विद्यार्थी मला विचारतात की सेमिस्टरच्या सुट्टीत इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरास जावे का. तेथील धम्मगिरी या केंद्रात 1976 पासून ही शिबिरे होतात, त्यांचे शुल्क घेतले जात नाही आणि अनेकांना त्यांचा फार लाभ झालेला मी पाहिला आहे. परंतु तेथे दहा दिवस मौन असते आणि रोज दहा तासांच्या आसपास बसावे लागते. ज्याला आज पाच मिनिटे बसणे अवघड जाते आणि ज्याची झोप बिघडलेली आहे, त्याने ते आत्ताच करू नये. वर्षभराच्या नियमित अभ्यासानंतर तो विचार जरूर करावा, आणि अर्ज भरताना मानसिक आरोग्याविषयी काही असेल तर ते लपवू नये.

झोपेविषयी थोडेच सांगते. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद करा, झोपण्याआधीचा अर्धा तास मोबाइल खाटेपासून दूर ठेवा आणि उठण्याची वेळ रविवारीही तीच ठेवा. अंथरुणावर ध्यान करून झोप आणण्याचा प्रयत्न करू नका, कारण झोप आली की नाही याची तपासणी सुरू होते आणि पुन्हा जोर लागतो. त्याऐवजी पाठीवर पडून लांब उच्छ्वास करावेत आणि झोप येवो अथवा न येवो, शरीराला विश्रांती मिळते आहे एवढेच समजावे.

फी परवडत नाही याविषयी. काही काळ तरी समोरचा शिक्षक असावा असे मला मनापासून वाटते, कारण स्वतःची कंबर गोल झाली आहे की सरळ आहे हे स्वतःला दिसत नाही. तुमच्या महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या कक्षात आधी विचारा. 2015 पासून 21 जूनला योग दिन साजरा होऊ लागला आणि त्या निमित्ताने महाविद्यालयांत वर्ग भरतात, त्यातून एखादा चांगला शिक्षक भेटू शकतो. महाराष्ट्रात योग शिकवण्याची परंपरा भक्कम आहे. लोणावळ्याचे कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये स्थापन केले आणि योगक्रियांचा शास्त्रीय पद्धतीने अभ्यास तेथे सुरू केला. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था आहे आणि दोरी, खुर्ची, पट्टे यांच्या आधाराने ताठर शरीरालाही आसनात सुख कसे द्यावे हे त्यांच्या पद्धतीतून शिकण्यासारखे आहे. नागपूरला जनार्दनस्वामींनी सुरू केलेले योगाभ्यासी मंडळ आहे, आणि तुमच्या वर्गातील नागपूरकडच्या मित्रांना त्याची माहिती असेल. सुट्टीत गावी गेलात तर तेथील वर्गाची चौकशी करा. महिनाभर शिकून आलात तरी पुढचे सहा महिने स्वतः करता येते. शिक्षक निवडताना मी एकच गोष्ट पाहायला सांगेन: पहिल्या दिवशी तो तुमच्या प्रकृतीविषयी विचारतो का, आणि तुम्ही मागे राहिलात तर तुम्हाला ढकलतो की आसन सोपे करून देतो.

व्हिडिओ पूर्ण सोडून देण्याची गरज नाही, पण त्यांचा उपयोग बदला. समोर व्हिडिओ लावून त्याच्याबरोबर करू नका, कारण मग गती त्या माणसाची राहते आणि तुमचा श्वास मागे पडतो. आधी पाहा, क्रम कागदावर लिहून घ्या, मोबाइल बंद करा आणि मग स्वतःच्या श्वासाच्या गतीने करा.

सबमिशनच्या आठवड्यात हा सर्व क्रम होणार नाही हे मी गृहीत धरते. त्या दिवसांत मार्जारासन, मकरासन आणि झोपून केलेले लांब उच्छ्वास एवढे दहा मिनिटांत करा. तेही झाले नाही तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका. आठवडाभराहून अधिक खंड पडला असेल, तर पुन्हा सुरू करताना पहिल्या दोन आठवड्यांच्या क्रमावर या आणि तीन-चार दिवसांनी पुढचे जोडा.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आलेल्या नाहीत. कंबरेचे दुखणे सकाळी उठल्यावर अधिक असते की दिवसभर बसल्यानंतर, आणि धडधड केवळ परीक्षेच्या सुमारास होते की एरवी जिना चढतानाही होते, हे कळवा. सकाळीच दुखत असेल तर खाटेवरची गादी पाहावी लागेल, आणि जिना चढताना धडधडत असेल तर मी वर सांगितलेला क्रम सुरू करण्याआधी डॉक्टरांची भेट घ्या.